उताणा

केस पेपरवर लिहिलं:
बालामणी इप्पलपल्ली, वय त्रेपन्न,
राहणार विडी घरकुल.
मोरीत घसरून पडली, उजवं मनगट मोडलं,
सहा आठवडे प्लास्टर.
प्लास्टर निघालं त्याला महिना झाला,
हात अजून आतच आहे.

कोपर कुशीला टेकवा, आक्का.
मुठीत ही पेन्सिल धरा, उभी.
आता तळवा छताकडे.

पेन्सिल कलली जराशी, थरथरली,
आणि थांबली.
खांदा मदतीला धावला, मान वाकडी झाली,
कोपर कुशीतून पळायला लागलं.
नाही आक्का, खांद्याला सांगा गप बस.
कोनमापक लावला.
बावीस अंश.

पालथा मात्र पुरा फिरतो,
पान कापायचा हात, भाकरी थापायचा हात,
सूप मांडीवर घेऊन
चौदाव्या वर्षापासून वाकलेला.
रोज किती वळत होता?
"हजार. आता तीनशे बी होईनात.
अंगठ्यातनं वीज जातीय की हो,
रात्री उठून हात झटकत बसते,
जसं काय हातात कुणी विंचू दिलाय."
अंगठा मुठीत घालून मनगट खाली झुकवलं तर
तिनं तेलुगूत कुणाला तरी हाक मारली.
आईलाच असणार.

मग म्हणाली,
"तळवा वर करून काय करायचंय, डॉक्टर?
आमची अम्मा सांगायची,
हात पालथा ठेवायचा पोरी,
पालथा हात देणाऱ्याचा.
उताणा हात अशोक चौकात सिग्नलला बघा."

मला परीक्षेत हा प्रश्न नव्हता.
पुस्तकात तिथं दोन स्नायू आहेत,
एक दंडातला, एक कोपराखाली दडलेला,
आणि दोन हाडं, एकमेकींवरून ओलांडणारी.
मागणं नाही. लाज नाही.
मी नुसतं म्हटलं, चटणी पानात वाढतात तेव्हा
हात कुठं असतो, आक्का?
ती म्हणाली, वाढणारी मीच असते.

घरी करायचं ते सांगितलं.
कोमट पाण्यात दहा मिनिटं.
जुना टॉवेल पिळायचा, दोन्ही बाजूंनी.
इथं पहिल्यांदा हसली,
"नवरा जन्मभर टॉवेलच विणायचा,
पिळायचं तेवढं माझ्याकडं ठेवलं त्यानं."
आणि हातोडी, दांड्याच्या टोकाला धरून,
सावकाश इकडं, सावकाश तिकडं.

हातोडी घरात नव्हती.
माग भंगारात गेला तेव्हा
एक पाना तेवढा तिनं पदराखाली ठेवून घेतला होता,
का ते तिलाही सांगता येत नाही.
तोच धरते म्हणाली.
पहाटे, पोरं उठायच्या आधी,
भिंतीला पाठ लावून.
"जड हाय. त्योच कलतो,
मला ओढून नेतो पल्याड.
मी फक्त सोडत नाही."

तिसऱ्या आठवड्यात पस्तीस.
पाचव्यात पुन्हा तीसवर आली:
कारखान्यानं छाट जास्त काढली म्हणून
रात्र रात्र बसून वळत होती.
मी रागावलो. तिनं ऐकून घेतलं,
पर्समधून चिठ्ठी काढली, म्हणाली,
हे आठवड्याचं पान, हे रेशन, हे लाइट बिल,
आता ह्यात तुमचा व्यायाम कुठं बसवू, सांगा.
मी वेळापत्रक खोडून
पाच पाच मिनिटांचे तुकडे लिहून दिले.
शंभर विड्या, मग पाना.
शंभर विड्या, मग पाना.

काल आली ती ओल्या केसांनी.
"नळाला पाणी आलं पाचव्या दिवशी.
बादली भरायच्या आधी
दोन्ही हात धरले खाली, असे.
चार महिन्यांनी तोंड धुतलं मी,
दोन्ही हातांनी."

आणि माझ्यासमोर करून दाखवली,
कोरड्या खोलीत, टेबलाच्या कडेला,
ओंजळ.
डावी पुरी. उजवी अजून थोडी कललेली,
खरं पाणी असतं तर
करंगळीकडून गळालं असतं.

कोनमापक लावला. अठ्ठावन्न.
"बास?" तिनं विचारलं.
नाही, म्हटलं.
ती हात खाली घेईना.