कारणाची रिकामी जागा

माइमू हाल्द्रे आली ती बर्फाचे बूट दारातच काढून,
जाड मोज्यांनिशी, पावलाचा आवाज न करता.
वाचनकक्षात असं कुणी करत नाही.
म्हणाली, माझं एक पत्र आहे तुमच्याकडे,
ते परत हवंय.

तार्तूच्या या संग्रहालयात मला एकवीस वर्षं झाली.
परत मागणारे येतात अधूनमधून,
बहुतेकांचा जीव जमिनीच्या कागदांत अडकलेला.
हिचं पत्र मधपाळांच्या फिरत्या पाकिटातलं,
ब्याण्णव सालचं.
एक पाकीट, बारा घरं.
ज्याच्याकडे येईल त्याने वाचायचं, आपलं पान घालायचं,
पुढच्या गावाला पोस्टाने धाडायचं.
कडांना मेणाचे डाग आहेत. अजून वास येतो.

पत्रात आधी साखरेचा भाव,
मग पेट्या: चारांतल्या दोन गेल्या.
आणि मग हे, त्याच शाईत, परिच्छेदही न बदलता:
फेब्रुवारीत पेटीला कान लावून बघायचं असतं. लावला.
काही नाही.
घरी येऊन लीसीच्या दाराला लावला, सवयीने.
तिला जाऊन अठ्ठेचाळीस दिवस झाले.
त्या रात्री मी प्यायले होते,
गावात कुणाला ठाऊक नाही.

अकरा घरांना ठाऊक झालं त्या वसंतात.
अकराही घरांनी ते पोटात ठेवलं.
आम्ही गेल्या वर्षी सगळी पाकिटं स्कॅन केली,
नावांची सूची लावली,
केक कापला.
आता कुठूनही तिचं नाव टाका,
पहिल्यांदा तीच रात्र वर येते.
नातवाने टाकलं.
शाळेचा प्रकल्प होता, आपलं आडनाव कुठून आलं.

मी नियम सांगितला. माझा आवाज अशा वेळी
जरा जास्तच मऊ होतो, मला माहीत आहे.
जे अनेकांना उद्देशून लिहिलं ते सार्वजनिक.
ती म्हणाली,
अकरा जण म्हणजे जग का हो?
त्यांतल्या सहांच्या घरी मी जेवलेय.

तिला मी उत्तरंही दाखवली.
प्रत्येकाची सुरुवात, प्रिय माइमू.
एन्डेल कास्कने मुहू बेटावरून एवढंच लिहिलंय:
मीही लावतो कान. मुलाच्या दाराला. सहा वर्षं झाली.
एन्डेल वारला. त्याची मुलगी दर शरदात येते,
बापाचं हस्ताक्षर एवढंच उरलंय म्हणून.
हिचं पान काढलं
तर त्या ‘मीही’ने कुणाचा हात धरायचा?

माइमूने ते दोनदा वाचलं.
मग विचारलं,
कोण कोण वाचून गेलं माझं, त्यांची यादी मिळेल?
नाही, म्हणालो.
वाचकांची नावं आम्ही कुणाला देत नाही.
तो त्यांचा खाजगी मामला.

म्हणून झाल्यावर मला ते ऐकू आलं.

ती हसली नाही. तिने अर्ज मागितला.
अर्जात पूर्ण नाव लागतं, पत्ता, जन्मतारीख,
पत्र का हटवायचं त्याचं सविस्तर कारण.
हा अर्ज कुठे जातो? तिने विचारलं.
इथेच, म्हणालो. अर्जांच्या फायलीत.
आणि ती फाईल कुणाला बघता येते?
मी खिडकीबाहेर बघितलं.
नदीवर बर्फ होता, कडेला दोन बदकं उगाच उभी.

तिने नाव लिहिलं. पत्ता लिहिला.
कारणाच्या सात ओळींपाशी पेन टेकवलं,
बराच वेळ,
शाईचा एक ठिपका पसरला.
मग टोपण लावलं. आत काहीही न लिहिता
अर्ज माझ्याकडे सरकवला,
बूट घातले, नाडी बांधायला तिला वेळ लागला.

नियमाने अपुरा अर्ज परत पाठवायचा असतो.
मी दाखल करून घेतला.
क्रमांक दिला, शिक्का मारला, सूचीत चढवला.
समितीची बैठक मार्चमध्ये आहे,
काय ठरेल सांगता येत नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
ती फाईल काढली,
आणि मूर्खासारखा
त्या सात ओळींना कान लावला.