कोअर उचलताना

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या माडीवर माझं टेबल.
खालच्या यंत्रांची घरघर
खुर्चीच्या पायांतून वर चढते.
तीन महिने एकच गोष्ट लिहितोय:
डोळ्यांवर हेडसेट चढवलेल्या माणसाला
नसलेली वस्तू हातानं उचलता यावी.

अंगठा नि तर्जनी जवळ आली,
मधे दोन सेंटीमीटर उरले, की समजायचं, धरलं.
नवी पोरं तसंच धरतात,
मीठ घेतल्यासारखी चिमूट,
आणि वाळूचा कोअर तरंगत येतो बोटांमागून.

नागूबाई येळ्ळूरकर बावीस वर्षं
खाली कोअर करतात.
मालकांनी वर पाठवलं.
पदर खोचून, अंबाड्यावरून पट्टा ओढून
त्यांनी दोन्ही तळवे कोअरखाली घातले.
आरपार.
पुन्हा घातले. पुन्हा आरपार.
"भूत हाय व्हय रे हे?"

मी म्हटलं, मावशी, चिमटीत धरा.
"चिमटीत फुटतंय की.
ओली वाळू ती.
उचललंय म्हणून तिला कळूच द्यायचं न्हाई."

मग मला खाली नेलं.
काकवीचा वास, लाकडी पेटी,
पेटीतून सुटलेला खरा कोअर.
मी त्यांची बोटं बघत होतो
आणि चुकत होतो.
वीतभर अंतरावरच त्यांचा पंजा
कोअरएवढा झालेला असायचा.

त्या रात्री दोन सेंटीमीटर खोडले.
आता मी स्पर्शाची वाट बघत नाही,
येणाऱ्या हाताचा आकार बघतो:
काय घ्यायला निघालास?
वजन काही देता येत नाही. म्हणून कोअर
हाताच्या किंचित मागून उठतो,
पापणी लवेल इतक्या उशिरानं.
डोळ्यांना तेवढं पुरतं. खांद्यांना नाही.

सूचना दोन भाषांत हव्या होत्या.
मी आणि ईरण्णा शब्दाला शब्द लावत बसलो,
धरा, हिडीरि. उचला, एत्तरि.
तिसऱ्या शब्दाशी दोघंही अडलो: सावकाश.
तो म्हणाला, हा आमचा.
मी म्हणालो, आमचा.
चहा गार झाला.
शेवटी एकदाच रेकॉर्ड केला,
नागूबाईंच्या आवाजात.

काल त्या परत आल्या.
तळवे घातले. कोअर उठला.
पलीकडच्या साच्यात त्यांनी तो अलगद ठेवला,
हात काढून घेतले,
तर कोअर हातांबरोबर परत आला.
सोडणं मी लिहिलंच नव्हतं नीट.
मी की-बोर्डवर वाकलेलो,
आणि त्या मधोमध उभ्या,
दोन्ही हात झटकत,
वाळू झटकावी तशा.