उणे शून्य

ओउलूत नोव्हेंबरचा दिवस साडेतीनला संपतो.
आमच्या खिडकीखालच्या नदीत तेव्हा
धड पाणी नसतं, धड बर्फ नसतो.

आमचं काम एवढंच :
रस्त्यात पुरलेल्या तापमापकांचं ऐकायचं
आणि मिठाच्या गाड्यांना सांगायचं, निघा,
किंवा झोपा.

इर्मेली कोस्केलो आमच्यात सगळ्यात जुनी.
ती कोड वाचायला बसली की
आम्ही कॉफी घेऊन मुद्दाम लांब उभे राहायचो.
"हे चूक आहे." "हेही."
"हे का लिहिलंस, तुला तरी माहीत आहे का?"
पूर्णविरामसुद्धा खिळ्यासारखा ठोकायची.
आणि तिचं बरोबर असायचं. हीच तर पंचाईत.
विल्या, वय तेवीस, पहिली नोकरी,
एकदा बाथरूमकडे गेली ती चाळीस मिनिटं आली नाही.
आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.
त्यानंतर तिनं कुणाला काही विचारलं नाही.

मी त्यातला नाही. मी गोड बोलणारा.
माझ्या शेऱ्याला आधी उशी लागते, मग पांघरूण,
मग आत कुठेतरी, गाढ झोपलेला, मुद्दा.

त्या शरदात इर्मेलीनं जुन्या तापमापकांसाठी नव्यानं लिहिलं.
ते अंश वेगळे पाठवतात, दशांश वेगळे.
उणे तीन आणि चार : ठीक.
उणे दोन आणि सात : ठीक.
पण उणे शून्य आणि चार?
शून्याला चिन्ह टिकत नाही. उणे गळून पडलं.
शून्याखालचे चार दशांश
शून्याच्या वर येऊन बसले, अगदी सभ्यपणे.

मला ते दिसलं होतं. शपथेवर सांगतो, दिसलं होतं.
मी लिहिलं : "फारच नेटकं झालंय!
सवड मिळाली तर शून्याच्या आसपास
एकदा सहज नजर टाकशील? घाई नाही."
घाई नाही.

मग ती पहाट. पुलाच्या उतारावर
रस्ता नुसता ओला वाटत होता.
मिठाची गाडी शेडमध्ये, आमच्याच सांगण्यावरून, झोपलेली.
बेकरीची व्हॅन खड्ड्यात.
चालक आर्वोचं खांद्याजवळचं हाड मोडलं,
रायचे काळे पाव उतारभर.
फोटोत कावळे मोजता येत होते. सात.

बैठकीत इर्मेलीनं स्वतःच ती ओळ पडद्यावर लावली.
"माझी आहे," म्हणाली. "कुणाला दिसली होती?"
हीटरचा आवाज.
तिनं माझा शेरा उघडला, मोठ्यानं वाचला,
पुन्हा वाचला.
"हा मी तेव्हाही वाचला होता.
मला वाटलं, कौतुक आहे."

आणि विल्या, टेबलाकडे बघत :
"मीही लिहिलं होतं. पाठवायच्या आधी पुसलं.
तुझं उणं काढणारी मी कोण?"

भीड भिकेची बहीण म्हणतात.
धाक त्या दोघींचा कोण लागतो,
ते म्हणीत नाही.

इर्मेलीनं चष्मा काढला, पुसला, घातला.
माफी मागितली नाही. तिला ती येतच नसावी.
खुर्ची ओढत विल्याच्या टेबलापाशी गेली,
दुरुस्त केलेला कोड तिच्यासमोर उघडला
आणि म्हणाली, "काढ."

संध्याकाळी विल्यानं मला लिहिलेलं दाखवलं :
"हे चूक आहे. इथे, आणि इथे."
मी सवयीनं म्हणालो, सुरुवातीला काहीतरी छानसं...
तोवर ती पाठवून मोकळी झाली होती.

दोन मिनिटांत उत्तर :
"दुसरं बरोबर. पहिलं पुन्हा बघ."
विल्या बघायला बसली.
कॉफी गार झाली तरी बसलेली होती.