बोंब

खणभागातल्या मंगल कार्यालयाच्या भिंतीवर
पुराची खूण अजून आहे, माझ्या खांद्याच्या जरा वर.
तिच्याखाली रंग फुगलेला.
काल इथं बारसं होतं.
पाळण्याचे फुगे कुणी काढलेच नाहीत,
त्यांच्याखाली आज बोंब.

बोंब म्हणजे चौघं.
त्यातला रावश्या ऐवळे वारला,
त्याच्या जागी त्याचा पुतण्या, मान खाली घालून.
ड्रमवर जिनगोंडा मगदूम,
डॉक्टरांचा पट्टा शर्टावरूनच आवळलेला.
दस्तगीरच्या हातात तीच गिटार,
मिरजेत बापाच्या कारखान्यात
सतारीच्या उरलेल्या लाकडातून चोरून कोरलेली.
बाप म्हणाला होता, भोपळा तरी लावायचास.
आणि मिशन कंपाउंडचा एबनेझर
माइकसमोर चष्मा शोधतोय.
गाणी त्याचीच, पण आता कागद लागतो.

अठ्ठ्याऐंशीच्या गॅदरिंगला मी दुसऱ्या रांगेत होते,
बहिणीचा पंजाबी ड्रेस घालून.
मराठीच्या सरांनी सकाळीच सांगितलं होतं,
पंक म्हणजे चिखल,
आणि पुढं तासभर कमळाविषयी बोलले होते.
संध्याकाळी एबनेझर ओरडला,
साहेब, तुमच्या सहीला वास येतो
साहेब, तुमच्या सहीला वास
आणि प्राचार्यांनी स्वतः जाऊन
मेन स्विच खाली ओढला.
अंधारात ड्रम तेवढा चालू राहिला,
दोन शिपायांनी जिनगोंडाचे हात धरेपर्यंत.

तेव्हापासून मला पुढची ओळ हवी होती.
कोषागारात लागले. सही करायला लागले,
दिवसाला दोनशे, मार्चमध्ये मोजत नाही.
पूर्वी तिच्यात माझं आडनाव वाचता यायचं,
आता नुसती रेघ आणि शेवटी एक आकडा, गळासारखा.
संध्याकाळी बोटं हुंगून बघते.
ही सवय घरी कुणाला माहीत नाही.

आज पन्नासेक माणसं, खुर्च्या भाड्याच्या.
कुणीतरी भडंगाची पुडी फिरवतंय.
पहिली तीन गाणी फसली.
एक तार तुटली.
गोळीची वेळ झाली म्हणून एबनेझरची बायको
पाणी घेऊन स्टेजवर गेली,
माइक चालूच होता,
घोट सगळ्या हॉलभर ऐकू आला.
कुणी हसलं नाही. मग तोच हसला.

मग ते.
तेव्हा आवाज मुद्दाम फाडायचा,
आता फाटूनच येतो.
साहेब, तुमच्या सहीला वास येतो
मी उभी राहिले, पर्स घरंगळली,
किल्ल्या खुर्चीखाली गेल्या, जाऊ दे,
साहेब, तुमच्या सहीला वास
आणि थांबले.
चौघंही, तिथंच.
दिवे चालू, पंखे चालू.
मॅनेजर बिचारा मीटरकडं धावला,
आपलं काही चुकलं का बघायला.

चहाच्या टेबलाशी जिनगोंडाला विचारलं,
पुढं काय होतं?
"पुढं नव्हतंच की हो," पट्टा सैल करत म्हणाला,
"तेवढंच सुचलेलं.
त्या दिवशी स्विच ओढला म्हणून वाचलो.
नाहीतर काय वाजवणार होतो, बोंब?"
स्वतःच्याच विनोदावर खोकला.
"तुम्ही कुठं असता?"
सांगितलं.
कप खाली ठेवला त्यानं.
"मग रावश्याच्या बायकोची पेन्शन तुमच्याकडंच आहे.
अकरा महिने झाले."
आवाजात काहीच नव्हतं, राग नाही, काही नाही.
वेळ विचारावी तसं.

भडंगाच्या कागदावर मी फाइलचा नंबर लिहून घेतला.
तेलकट कागद, पेन उठेना,
दोनदा गिरवला.

बाहेर स्कूटर तिसऱ्या किकला चालू झाली.
टिळक चौक ओलांडेपर्यंत गप्प होते.
मग आयर्विन पुलावर, हेल्मेटच्या आत,
ती ओळ मोठ्यानं म्हणून बघितली,
साहेबच्या जागी बाई घालून.
काच धुरकट झाली.
पुसायला हात मोकळा नव्हता.