इतर

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, भाड्याची खोली.
मुलाच्या उरलेल्या आलेखवहीत
मी हिशेब लिहायला घेतला, त्याला तीन वर्षं झाली.
कार्डाची किमान रक्कम भरून
बाकीचं पुढच्या महिन्यावर ढकलत होते तेव्हा.

दूध, गॅस, रिक्षा, शिकवणी
गुमान आपापल्या चौकटीत बसले.
महिनाअखेर सगळ्यात मोठा आकडा निघाला
‘इतर’चा.
अकरा हजार चारशे.

दोन रात्री वही उघडलीच नाही.
तिसऱ्या रात्री इतर सोलायला बसले, वालासारखं.
वाशीची चप्पल, चावते म्हणून पडून असलेली.
निरोपसमारंभाची वर्गणी, ज्याचा निरोप
तो मला नावानंही ओळखत नव्हता.
भावाला पाच हजार. ‘उसने’ लिहिलं.
मग उसने खोडून ‘दिले’ लिहिलं,
आणि त्या रात्री झोप लागली.

कार्ड फिटलं तो मंगळवार होता.
महाप्याहून चालत घरी आले,
रिक्षाचे पैसे वाचवायला नाही, उगीच.

परवा खालची हर्षला मढवी दारात.
‘ताई, ती वही बघू?’
पगार तर मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेला नाही.
दिली.
तिनं पानं उलटली, अकरा हजारांवर थांबली.
‘म्हणजे तुमचंही असंच?’

पर्समधून सोनाराकडची गहाणपावती काढली,
चार घड्यांची, घामानं मऊ झालेली.
मी नवं पान आखलं.
‘घरी माहीत नाही,’ म्हणाली. ‘हे कुठे लिहू?’

इतरमध्ये, म्हटलं.
सध्या.