एकास बारा

गिरजाबाईनं विचारलं पहिल्याच आठवड्यात,
डोक्यावरची चुंबळ सारखी करत:
"बाई, तुमी ना घमेलं उचलता, ना थापी धरता,
मंग करता तरी काय?"

मी हसले. उत्तर तयार नव्हतं.
डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत
हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

झरी-जामणीच्या आत, डांबर संपल्यावर आणखी सहा किलोमीटर,
तिथं आरोग्य उपकेंद्र उभं करायचं.
दोन खोल्या, त्यातली एक बाळंतपणाची.
पडवी, टाकी,
आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार.
नकाशावर सगळं तळहाताएवढं.

पहिलं भांडण मातीशी.
कपाशीची लाडकी काळी
इमारतीच्या मात्र जिवावर उठते:
पावसात फुगते, उन्हात कोपरापर्यंत हात जाईल अशी फाटते.
मुरूम लागेस्तोवर खोदा, मी म्हटलं.
दीड मीटर. पावणेदोन. मुरूम नाही.
ठेकेदार तिरमनवार फोनवर: "पुरे झालं मॅडम,
खाली उतरून कोण पाहते?"
सव्वादोनला कुदळ खणकन वाजली,
आणि मी वहीत लिहिलं: तारीख, वेळ, खोली.
आवाज लिहायला रकाना नव्हता.

जे झाकलं जाणार, ते झाकायच्या आधी पाहायचं.
एवढंच, गिरजाबाई.
नाही, एवढंच नाही.
बिल अडकलं की कुणाची हजेरी आधी चुकती करायची,
सिमेंटच्या गोण्या भिंतीपासून हातभर लांब,
आदिलाबादच्या राजन्नाशी अर्धी तेलुगू, अर्धे हातवारे
आणि प्रत्येक कडीवरून भांडण.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर.
दिवसा स्लॅब घालायचाच नाही.
रात्री दोनला सुरुवात,
खडी ओल्या गोणपाटाखाली,
पाण्यात वणीहून आणलेला, भुशातला बर्फ.
साडेचारला मिक्सर बंद पडला.
अर्धा स्लॅब ओला, अर्धी नुसती जाळी,
आणि सगळे माझ्याकडे बघत.

त्या दोन मिनिटांचा पगार मिळतो मला.
बाकी महिनाभर मी फुकट असते.

"पत्रे अंथरा. हातानं कालवा.
सिमेंट दहा टक्के जास्त."
घमेल्यांची ओळ लागली. मीही एक उचललं,
तर गिरजाबाईनं ते काढून घेतलं हातातून.
"हे आमाले येते. तुमी मोजा, बापा.
मोजणारं कोणी पाहिजे ना!"
शेवटचा कोपरा भरला तेव्हा
कोतवाल पक्षी बोलायला लागले होते.

वर्ध्याच्या पॉलिटेक्निकमधली एक पोरगी फोनवर विचारते,
ताई, या लाइनीत यावं का?
मी म्हणते, चप्पल नको, बूट घे.
पहिल्या दिवशी विचार, साइटवर बायकांचा संडास कुठंय.
नसेल तर आधी तो बांध.
मग बाकीचं बोलू.

राहिला उतार.
एकास बारा: एक फूट चढायला बारा फूट लांबी.
जोतं दीड फुटाचं, म्हणजे अठरा.
तिरमनवार म्हणाला, आठात बसवा,
या गावात चाकाची खुर्ची आहे कोणाकडे?
नव्हती.
मी तीन पत्रं लिहिली, तिसरं जरा उद्धट.
अठरा फूट झाले.
कोनशिलेवर माझं नाव नाही. असत नाही.

पुढच्या चैतात, दुसऱ्या साइटवर जाताना
मुद्दाम गाडी वळवली.
सवयीनं आधी खिडक्यांचे कोपरे पाहिले:
तडा नाही.
मग उतार.
त्यावर कुणीतरी मोहफुलं वाळत घातली होती
वरपासून खालपर्यंत, अठरा फूट,
आणि मधोमध
एका खुर्चीपुरती वाट
मोकळी सोडलेली.