तोंड फुटण्याआधी

सेमिनरी हिल्सच्या प्रयोगशाळेत
मी मनसरचा दगड घासते
उजेड आरपार जाईपर्यंत.
बाहेर मे. कूलरला वाळ्याचा वास.

अब्जाच्या वर वर्षं, असं लेबलवर,
पेन्सिलीने, पुढे प्रश्नचिन्ह.
तेव्हा इथे उथळ समुद्र होता म्हणे
आणि काठाला नुसती हिरवट, चिकट साय.
डोळा नव्हता कुणाला.
तोंडही नव्हतं,
कुणी कुणाला चावलं नाही
कोटी कोटी वर्षं.
साय ऊन खायची, श्वास सोडायची,
आणि पाण्यातलं मँगनीज
काळं होऊन तळाशी बसायचं.

तेच बाबांच्या नखांत होतं.
कांद्रीच्या खाणीतून आले की
न्हाणीत अर्धी साबणवडी संपवायचे,
तरी पोळीवर बोटं उमटायचीच.
माय म्हणायची,
"काहून घासता बाप्पा एवढं?
जुनं आहे ते. तुमच्या आधीचं."

काच भिंगाखाली सरकवते.
गारगोटी उजळते, विझते, पुन्हा उजळते.
काळा कण मात्र
कसाही फिरवला तरी काळाच.

नोंदवहीत लिहिते : अपारदर्शक.
मग हात धुते, दोनदा,
आणि डबा उघडते.